फुगणारी माती

मराठवाड्यांत किंवा वऱ्हाडांत ज्यांचें वास्तव्य आहे, त्यांना एका विचित्र अनुभवाची सवय झालेली असते. घराच्या भिंतींत, बहुधा खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी निघालेली, एक भेग असते. वैशाखांत तींत बोट शिरतें, म्हणून घरधनी गवंड्याला बोलावून ती सिमेंटनें बुजवून घेतो. श्रावणांत पाहावें तों भेग मिटूं पाहत आहे आणि भरलेला माल तेवढा तडकून बाहेर आलेला आहे. पुढल्या उन्हाळ्यांत ती पुन्हां उघडते. घरधनी गवंड्याला दोष देतो, गवंडी सिमेंटला देतो, आणि शेजारी वास्तुदोषावर प्रवचन करतो. दोष या तिघांच्या तक्रारींत कोठेंच नसतो. घराखालची माती उन्हाळ्यांत आकसते, पावसाळ्यांत फुगते, आणि तिच्या पाठीवर बसलेलें घर तिच्याबरोबर खालींवर होतें.

शेतांत हाच प्रकार उघड्या डोळ्यांनीं पाहावयास मिळतो. काळ्या जमिनीला चैत्र-वैशाखांत पडणाऱ्या भेगा कित्येक ठिकाणीं चार-चार बोटें रुंद आणि कमरेइतक्या खोल असतात. वासराचा पाय त्यांत अडकतो. वरची भुसभुशीत माती, काडीकचरा, शेणखत वाऱ्याबरोबर त्या भेगांत पडत राहतें. मृगाचा पाऊस आला कीं माती फुगून भेगा मिटतात. परंतु आंत पडलेल्या मातीनें जागा अडविलेली असल्यामुळें फुगणाऱ्या मातीला आतां जागा पुरत नाहीं. ती बाजूला रेटा देते आणि खालची माती वर उचलली जाते. वर्षानुवर्षें हें चाललें म्हणजे जमीन आपली आपणच नांगरली जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीनें ही एक सोय आहे. घर बांधणाराच्या दृष्टीनें आपत्ति.

या सर्व करामतीचें मूळ मातींतील एका खनिजांत आहे. फ्रान्स देशांत मॉन्टमोरिलॉन नांवाचें गांव आहे. तेथील एका मऊ, साबणासारख्या बुळबुळीत मातीवरून १८४७ सालीं त्या खनिजाला ‘मॉन्टमोरिलोनाइट’ हें नांव मिळालें. नांव उच्चारावयास अवघड आहे खरें. पण ज्यांच्या घरीं मुलतानी मातीनें केस धुण्याची चाल होती, त्यांनीं हें खनिज बहुधा हाताळलेलें आहे. मुलतानी माती तेल व मळ शोषून घेते ती याच्याच बळावर.

पुढें याच खनिजाचे मोठमोठे थर अमेरिकेंतील वायोमिंग संस्थानांत सांपडले. त्या मुलखांत पाऊस पडला कीं उघड्या पडलेल्या थरांवरची माती फुगून शेवाळासारखी निसरडी होई आणि गाड्यांचीं चाकें तींत रुतून बसत. विल्बर नाइट या भूगर्भशास्त्रज्ञानें १८९७ सालीं तिला ‘टेलराइट’ असें नांव सुचविलें. परंतु तें नांव अगोदरच दुसऱ्या एका पदार्थाला दिलेलें निघालें. तेव्हां १८९८ सालीं, ज्या खडकांत ती सांपडते त्यांच्या ‘फोर्ट बेंटन’ या नांवावरून तिला ‘बेंटोनाइट’ म्हणण्यांत आलें, आणि तेंच जगभर रूढ झालें. मॉन्टमोरिलोनाइट हें खनिजाचें नांव, आणि हें खनिज ज्या मातींत प्रमुख असतें तिचें नांव बेंटोनाइट, एवढा भेद लक्षांत ठेवला म्हणजे पुरे.

ही माती जन्मास कशी येते? वायोमिंगमधील थरांची कथा मोठी मनोरंजक आहे. सुमारें दहा कोटी वर्षांपूर्वीं उत्तर अमेरिकेच्या मध्यभागीं उथळ समुद्र होता आणि त्याच्या पश्चिमेस ज्वालामुखी धगधगत होते. त्यांची राख वाऱ्यावर उडून समुद्रांत पडे. ज्वालामुखीची राख म्हणजे चुलींतील राख नव्हे. वितळलेला खडक स्फोटानें हवेंत उडून क्षणांत निवतो. त्यामुळें त्याला स्फटिकरूप घेण्यास अवधि मिळत नाहीं आणि त्याची होते ती कांचेची बारीक भुकटी. कांच ही मूलतः अस्थिर वस्तु आहे. खाऱ्या पाण्यांत दीर्घकाळ राहिली म्हणजे तिच्यांतील कांहीं द्रव्यें विरघळून जातात, पाण्यांतील कांहीं आंत येतात आणि उरलेल्या घटकांची नवी रचना होते. ही नवी रचना म्हणजेच मॉन्टमोरिलोनाइट. १९१७ सालीं ह्यूएट यानें या मातीचा उगम राखेंत असल्याचें मांडलें, आणि १९२६ सालीं रॉस व शॅनन यांनीं सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें तें सविस्तर दाखविलें. कांचेच्या तुकड्यांचे वांकडेतिकडे आकार या मातींत जसेच्या तसे टिकून असतात. आंतली कांच मात्र गेलेली असते. एखाद्या घरांतील माणसें बदलावीं आणि दारावरची पाटी तीच राहावी, तसा हा प्रकार आहे.

आपल्या काळ्या मातीची जन्मकथा याहून निराळी आहे. तिला राखेचा आधार लागला नाहीं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दक्षिणेंतील भूमि भेगाळून लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरले आणि त्यांचा काळा पाषाण बनला. आजही सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यानें व्यापलेला आहे. या पाषाणांत लोह, मॅग्नेशियम व कॅल्शियम हीं द्रव्यें भरपूर आहेत. ऊन, पाऊस आणि झाडांचीं मुळें यांनीं तो झिजतो, कुजतो, आणि त्याची माती होते. पण कोणती माती होईल, हें पाण्याच्या वाहण्यावर अवलंबून असतें. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोंकणांत पावसाचा मारा एवढा कीं सिलिका, मॅग्नेशियम, कॅल्शियम सारें धुऊन समुद्राला मिळतें. मागें राहतें तें लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणजेच तांबडा जांभा. घांट उतरून पूर्वेकडे गेलें कीं पाऊस कमी, जमीन सपाट, उन्हाळा कडक. तेथें हीं द्रव्यें वाहून न जातां जागच्या जागीं राहतात आणि त्यांच्यापासून मॉन्टमोरिलोनाइटच्या जातीचें खनिज तयार होतें. महाबळेश्वरचा जांभा आणि परभणीची काळी माती हीं एकाच पाषाणाचीं दोन लेंकरें आहेत, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कोंकणांतील माणसाला देशावरच्या घराच्या भेगांचें नवल वाटतें, त्याचें कारणही येथेंच आहे. कच्छमधील बेंटोनाइटच्या खाणींचें नातेंही याच काळ्या पाषाणाशीं जुळतें. राजस्थानांत बाडमेरच्या बाजूसही बेंटोनाइट मिळतें.

आतां या खनिजाच्या पोटांत शिरून पाहावयास हवें. अभ्रकाचा तुकडा ज्यांनीं नखानें उलगडून पाहिला असेल, त्यांना त्याचे एकावर एक बसलेले पापुद्रे आठवतील. मॉन्टमोरिलोनाइटची घडण अगदीं तशीच आहे. त्याचा प्रत्येक पापुद्रा तीन थरांचा असतो. वर व खालीं सिलिकाचा एक-एक थर आणि मधें ॲल्युमिनियमचा. पुरणपोळीची कल्पना केली म्हणजे चित्र डोळ्यांपुढें येईल. या पोळीची जाडी मात्र अशी कीं दहा लाख पोळ्यांची चवड एक मिलिमीटर भरेल. क्ष-किरणांच्या साहाय्यानें ही रचना १९३३ सालीं हॉफमान, एन्डेल व विल्म या जर्मन संशोधकांनीं उलगडली. पापुद्रे इतके पातळ असल्यामुळें त्यांचें क्षेत्रफळ प्रचंड होतें. एक ग्रॅम मातींतील सर्व पापुद्रे सुटे करून अंथरले तर सात-आठशें चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे जवळजवळ तीन टेनिसचीं मैदानें. चिमूटभर माती पाण्याशीं एवढा व्यवहार करते याचें आश्चर्य मग उरत नाहीं.

परंतु पापुद्रे अभ्रकालाही असतात आणि अभ्रक कांहीं फुगत नाहीं. तेव्हां खरी मेख पापुद्र्यांत नसून दोन पापुद्र्यांच्या मधें आहे. मधल्या थरांतील ॲल्युमिनियमच्या कांहीं अणूंच्या जागीं मॅग्नेशियमचे अणु येऊन बसलेले असतात. मॅग्नेशियमचा धनभार एकानें कमी, त्यामुळें एकंदर पापुद्र्यावर थोडा ऋणभार शिल्लक राहतो. तो फेडण्यासाठीं पापुद्र्यांच्या फटींत सोडियम, कॅल्शियम यांसारख्या धातूंचे धनभारित अणु, म्हणजे ज्यांना रसायनशास्त्रांत आयन म्हणतात ते, येऊन राहतात. अभ्रकाचा ऋणभार मोठा असतो आणि त्याच्या फटींत पोटॅशियमचे आयन खांचेंत गोटी बसावी तसे घट्ट बसतात; पापुद्रे जणूं सरसानें डकविले जातात आणि पाण्याला वाट राहत नाहीं. मॉन्टमोरिलोनाइटचा ऋणभार थोडा, म्हणून त्याची पकड सैल. फटींतले आयन हे मालक नसून भाडेकरू आहेत. पाणी आलें कीं ते पाण्याचे रेणु स्वतःभोंवतीं गोळा करतात, फट रुंदावते, आणखी पाणी येतें, आणि कोट्यवधि फटींचें हें रुंदावणें एकत्र होऊन ढेंकूळ फुगतें. चिनी मातीच्या भांड्यांसाठीं वापरतात त्या केओलीनचे पापुद्रे एकमेकांना सरळ धरून असतात. तेथें भाडेकरूच नाहींत, म्हणून ती माती फारशी फुगत नाहीं.

भाडेकरू कोण आहे यावर सगळें अवलंबून असतें. सोडियमच्या आयनावर एक भार असतो, कॅल्शियमच्या आयनावर दोन. कॅल्शियम दोन्ही बाजूंच्या पापुद्र्यांना धरून ठेवतो; पाणी कांहीं थर आंत येतें, पण ठराविक अंतरावर फट थांबते. सोडियमला तेवढी पकड नाहीं. पुरेसें गोडें पाणी मिळालें तर पापुद्रे एकमेकांपासून दूर दूर जातात आणि शेवटीं जवळजवळ सुटे होतात. या दोन जातींतील फरक एका साध्या प्रयोगानें दिसतो. शंभर घन सेंटिमीटरांच्या खुणा केलेल्या उभ्या कांचपात्रांत शुद्ध पाणी घ्यावें आणि बेंटोनाइटची दोन ग्रॅम वाळलेली भुकटी चिमटी-चिमटीनें वरून सोडावी. एका वेळीं सगळी ओतूं नये, नाहींतर वर गोळा होऊन आंतली भुकटी कोरडीच राहते. दुसऱ्या दिवशीं पाहावें. कॅल्शियमची जात असेल तर तळाशीं थोडासा गाळ दिसतो. उत्तम सोडियमची असेल तर तेवढ्याच भुकटीचा चोवीस घन सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक फुगवटा झालेला असतो. हाच प्रयोग मिठाच्या पाण्यांत केला तर मात्र निराशा पदरीं येते. मिठांत सोडियम आहे, मग माती अधिकच फुगावयास हवी, असें वाटतें. पण बाहेरच्या पाण्यांतच आयनांची दाटी झाली म्हणजे पाण्याला फटींत शिरण्याचें कारण उरत नाहीं. सोडियम आंत आणि गोडें पाणी बाहेर, असा योग जुळावा लागतो.

हे भाडेकरू बदलतां येतात. कॅल्शियमचें बेंटोनाइट ओलें करून त्यांत धुण्याचा सोडा मिसळला आणि चांगलें मळलें कीं सोडियम आंत जातो, कॅल्शियम बाहेर येऊन चुनखडीच्या रूपानें बसतो, आणि सुस्त माती फुगीर होते. कारखानदार हा उपाय सर्रास करतात. आमच्याकडील शेतकऱ्याला नेमकें उलटें करावें लागतें. नीरा, प्रवरा, कृष्णा यांच्या खोऱ्यांत पाटाचें पाणी आलें, ऊंस आला, आणि निचरा नसलेल्या कित्येक काळ्या रानांत क्षार वर येऊं लागले. कॅल्शियमच्या जागीं सोडियम शिरला, कीं ती जमीन ‘चोपण’ होते. पावसांत तिचा राबडा होतो, वाळली कीं दगड. पाणी वरच तुंबतें आणि मुळांना श्वास मिळत नाहीं. अशा जमिनींत जिप्सम घालतात. जिप्सममधील कॅल्शियम आंत जातो, सोडियम बाहेर पडतो, आणि चर खणून पाण्याला वाट करून दिली असेल तर तो वाहून जातो. चर न खणतां नुसतें जिप्सम टाकणें म्हणजे भाडेकरूला बाहेर काढून ओसरीवरच बसविण्यासारखें आहे. संधि मिळतांच तो परत आंत येतो. अनेकांचे पैसे असे वायां गेले आहेत.

सोडियमचा हाच उपद्रवी गुण जुन्या लोकांनीं घराच्या रक्षणासाठीं वापरला, हें विशेष सांगण्यासारखें आहे. खानदेशांत धाब्याचीं घरें असत; अद्यापि कांहीं गांवांत आहेत. लाकडी सरे व तुळया, त्यांवर काटक्या व पाला, आणि वर मातीचा सपाट थर. हा सपाट थर मुसळधार पावसांत गळत कसा नाहीं? मृगापूर्वीं त्यावर गांवाबाहेरून आणलेली ‘खारी माती’ पसरण्याची रीति होती. वाटेल ती माती चालत नसे. खाऱ्या मातींत सोडियम असतो. पहिल्या सरीनें वरचा क्षार धुतला गेला कीं गोड्या पाण्यांत तिचे कण फुगून, सुटे होऊन, बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि पाण्याची वाट बंद करतात. जी माती शेतांत चोपण म्हणून टाकाऊ, तीच छपरावर छत्रीचें काम करते. सोडियमचें नांवही ज्यांनीं ऐकलें नव्हतें त्यांनीं जीभ आणि अनुभव यांच्या जोरावर ही माती निवडली होती. आज तळ्यांचे व कचऱ्याच्या खड्ड्यांचे तळ गळूं नयेत म्हणून कापडाच्या दोन थरांत बेंटोनाइट भरलेल्या चटया अंथरतात. त्या चटयांत आणि खानदेशच्या धाब्यांत तत्त्वतः भेद नाहीं.

फुगण्याखेरीज या मातीचा आणखी एक गुण इंजिनियरांना प्रिय आहे. पाण्यांत शेंकडा पांच-सहा भाग बेंटोनाइट कालवून स्वस्थ ठेवलें तर त्याचा खिरीसारखा घट्ट द्रव होतो. ढवळलें कीं पातळ, ठेवलें कीं पुन्हां घट्ट. पापुद्र्यांच्या सपाट बाजूंवर ऋणभार असतो आणि कडांवर कांहीं परिस्थितींत धनभार येतो. त्यामुळें स्थिर पाण्यांत कडा सपाट बाजूंना चिकटून पत्त्यांचा बंगला उभा राहतो. ढवळलें कीं बंगला कोसळतो, थांबलें कीं पुन्हां बांधला जातो. समुद्रांत मुंबई हायसारख्या ठिकाणीं तेलासाठीं विहिरी पाडतांना अशाच तऱ्हेचा चिखल गिरमिटाच्या नळींतून खालीं सोडतात. तो दगडाचा चुरा वर घेऊन येतो, विहिरीच्या भिंतीला लेप देतो, आणि पंप बंद पडला तर आपण घट्ट होऊन चुऱ्याला अधांतरीं धरून ठेवतो.

याच चिखलाच्या जोरावर मोठ्या शहरांत खोल पाये घेतले जातात. ओलसर जमिनींत खोल चर खणला तर कडा ढांसळतात. पण खणतां खणतां चर बेंटोनाइटच्या पाण्यानें भरत नेला, तर त्या पाण्याचा भार आणि भिंतींवर बसलेला लेप मिळून कडा सावरून धरतात. मग तळापर्यंत नळी सोडून काँक्रीट ओततात. तें खालून भरत येतें आणि हलका चिखल वर ढकलला जातो. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या पायाभोंवतीं अशी भिंत १९६७ च्या सुमारास घालण्यास आरंभ झाला. जागा हडसन नदीच्या कांठची, आणि भिंत वीस मीटरांहून खोल. २००१ सालीं वरचे मनोरे कोसळले, तरी भूमींतील भिंत उभी राहिली आणि नदीचें पाणी आंत घुसलें नाहीं. भिंत काँक्रीटची खरी. पण तिचा चर उघडा धरला होता तो फुगणाऱ्या मातीनें.

कोल्हापुरांतील ओतकामाच्या कारखान्यांत बेंटोनाइटचें काम अगदीं निराळें असतें. तेथें वाळूंत थोडें बेंटोनाइट व थोडें पाणी मिसळून सांचे करतात. वाळूचे सुटे कण त्यामुळें एकमेकांना धरून राहतात आणि तापलेला लोखंडाचा रस ओतला तरी सांचा ढांसळत नाहीं. खाद्य तेलाचा रंग काढण्यासाठींही आम्लानें संस्कार केलेली याच जातीची माती वापरतात. असे उपयोग मोजीत बसलें तर वेळ पुरणार नाहीं.

एक उपयोग मात्र वगळतां येत नाहीं, कारण त्यांत या मातीवर टाकलेला विश्वास सर्वांत मोठा आहे. अणुभट्टींतून निघालेलें निरुपयोगी इंधन लाखभर वर्षें सजीवांपासून दूर ठेवावें लागतें. फिनलंडांत ओल्किलुओतो येथें त्यासाठीं कातळांत सुमारें चारशें ते साडेचारशें मीटर खोल भुयारें खोदलीं आहेत, आणि २०२४ सालीं तेथें चांचणीदाखल काम सुरू झालें. इंधन तांब्याच्या डब्यांत ठेवावयाचें आणि डब्याभोंवतीं दाबून घट्ट केलेल्या बेंटोनाइटच्या विटा रचावयाच्या, अशी योजना आहे. कातळांतून पाणी झिरपलेंच तर विटा फुगून सर्व फटी बंद करतील. एक पथ्य पाळावें लागतें: मातीचें तापमान शंभर अंशांवर जाऊं द्यावयाचें नाहीं. दीर्घकाळ उष्णता आणि पोटॅशियम एकत्र मिळालें तर मॉन्टमोरिलोनाइट हळूहळू अभ्रकाच्या वळणावर जातें, पापुद्रे डकले जातात आणि फुगण्याची शक्ति नष्ट होते.

आतां आरंभीच्या घराकडे वळलें पाहिजे. काळ्या मातींतील फटींत बहुतेक कॅल्शियम व मॅग्नेशियम असतात. म्हणून ती वायोमिंगच्या मातीइतकी फुगत नाहीं. पण घराला तेवढेंही पुष्कळ होतें, आणि हलक्या घराला अधिक. चार मजली इमारतीचें वजन फुगणाऱ्या मातीला कांहीं प्रमाणांत दाबून धरतें. एकमजली बंगली ती सहज उचलते. शिवाय सर्व घर सारखें उचललें जात नाहीं. घराच्या मध्याखालीं ऊन पोंचत नाहीं, तेथें ओल सांचत जाते आणि माती फुगलेली राहते. कडेची माती ऋतूप्रमाणें फुगते व आकसते. मधली फरशी वर येऊन तिला उंटाच्या पाठीसारखा बाक येतो, आणि बाहेरच्या भिंती तडकतात.

जुने गवंडी अशा गांवांत मुरूम लागेपर्यंत पाया खणीत, कितीही खोल जावें लागलें तरी. तो नियम अद्यापि उत्तम आहे. मुरूम फार खोल असेल तर रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें पुरस्कारिलेले खांब घालतात. भोंक पाडून तळाशीं तें कंदासारखें रुंद करावयाचें आणि काँक्रीट भरावयाचें. ऋतूंचा परिणाम जेथें पोंचत नाहीं अशा खोलीवर तो कंद रुतून बसतो आणि वरच्या मातीनें कितीही ओढलें तरी सुटत नाहीं. भिंती ज्या तुळयांवर उभ्या राहतात त्यांच्या खालीं थोडी पोकळी सोडतात, म्हणजे माती फुगली तरी तिला जागा राहते. कालव्यांसाठीं मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक कट्टी यांनीं निराळा मार्ग दाखविला: फुगणाऱ्या मातीवर मुरमासारख्या, चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसविला कीं खालची माती शांत राहते. रस्त्यांच्या कामांत मातींत शेंकडा चार-पांच भाग चुना कालवतात. तेथें पुन्हां तीच कथा: चुन्यांतील कॅल्शियम आंत शिरतो आणि फुगवटा उतरतो, पुढें चुना व माती यांच्या संयोगानें एक प्रकारचें सिमेंटच तयार होतें.

पण जें घर बांधून झालें आहे त्याचें काय? त्याच्याखालीं आतां खांब घालणें फार खर्चाचें आहे. तेथें उपाय एकच, मातींतील ओल वर्षभर शक्य तितकी सारखी ठेवणें. घराभोंवतीं दीड-दोन मीटर रुंदीचा फरसबंदीचा पट्टा, बाहेर उतार देऊन, अखंड करावा. छपराचें पाणी पन्हळीनें दूर न्यावें. भिंतीलगत फुलझाडांचे वाफे करून त्यांना रोज पाणी घालण्याची हौस सोडावी. मोठें झाडही भिंतीजवळ लावूं नये, कारण उन्हाळ्यांत तें मातींतील पाणी दूरवरून ओढून घेतें आणि त्या बाजूचा पाया खचतो. मोरीची जमिनींतली नळी फुटून एका कोपऱ्यांत वर्षभर पाणी मुरत असलें तर बाकीचे सारे उपाय व्यर्थ जातात; आणि बहुसंख्य घरांत शोध घेतला म्हणजे दोषाचा उगम अशा एखाद्या नळींतच सांपडतो.

भेग बुजविण्याची घाई मात्र करूं नये. कांचेची बोटभर लांब पातळ पट्टी घ्यावी, तिचीं दोन्हीं टोकें भेगेच्या दोन बाजूंस प्लास्टरनें पक्कीं करावीं, आणि शेजारीं भिंतीवर पेन्सिलीनें तारीख लिहून ठेवावी. भेग हलली कीं पट्टी तडकते. मग नवी लावावी आणि नवी तारीख लिहावी. भेगेची रुंदी महिन्याच्या महिन्याला मोजून तारखेसमोर टिपावी. असें एक पूर्ण वर्ष, एका मृगापासून दुसऱ्या मृगापर्यंत, चालू ठेवावें. रुंदी ऋतूप्रमाणें कमीअधिक होत असेल तर गवंड्याला भिंत दाखवूं नये. मोरी, पन्हळ आणि अंगण दाखवावें.